समुपदेशनाच्या विद्यार्थ्यांना घरातली मारहाण ऐकायला कसं शिकवावं?

प्रश्न असा आला आहे: "मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी एम.ए. समुपदेशन मानसशास्त्राला शिकवते. यंदा कौटुंबिक हिंसेवर दोन क्रेडिटचा पेपर माझ्याकडे आला आहे, म्हणजे हातात तीस तास. गेल्या सत्रात फील्डवर्क करणाऱ्या आमच्या एका विद्यार्थिनीला एका बाईने नवरा मारतो असं सांगितलं. मुलीने पुढच्या भेटीला नवऱ्यालाच बोलावून घेतलं, दोघांना समोरासमोर बसवलं. त्यानंतर बाई आलीच नाही. मुलगी हुशार आहे, हेतू वाईट नव्हता. मी शिकवायला कुठून सुरुवात करू?"

तुमच्या विद्यार्थिनीने केली ती चूक मी स्वतः केलेली आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबणार.

नोकरीचं दुसरं वर्ष होतं. बाई सव्वीस-सत्तावीसची, दोन मुलं, झोप लागत नाही म्हणून आलेली. तिसऱ्या भेटीत म्हणाली, "हात उगारतो." मी नुकतीच दांपत्य-समुपदेशनाची कार्यशाळा करून आले होते. दोघांना बोलावलं. नवरा माझ्यासमोर इतका गरीब, की मलाच वाईट वाटलं. मला ताई ताई म्हणत होता, एकदा डोळेही पुसले. मी तिला म्हटलं, मनात काय काय साठलंय ते यांना मोकळेपणाने सांगा. तिने सांगितलं: भावाला दिलेले पैसे, तिच्या फोनवरचा संशय, सासूसमोर होणारा पाणउतारा. तो मान हलवत होता. सत्र छान झालं अशी नोंद मी वहीत केली. तीन आठवड्यांनी ती एकटी आली, दोन बोटांना प्लास्टर. म्हणाली, "मॅडम, तुम्ही बोल म्हणालात म्हणून बोलले. घरी गेल्यावर एकेक वाक्य म्हणून दाखवलं त्याने, आणि एकेका वाक्याला..." (ओळख लागू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वाक्य तिचंच आहे.)

माझं चुकलं ते असं, की मी मारहाणीला संवादाचा अभाव समजले. आपल्या विषयाची घडणच तशी आहे. माणसाच्या आत काय चाललंय ते शोधायचं, दोघांत बिनसलं असेल तर दोघांचं ऐकायचं, कुणाची बाजू घ्यायची नाही. परीक्षेची चिंता, शोक, नवरा-बायकोतली रोजची कुरबूर, या सगळ्याला ते चालतं. पण ज्या घरात एक माणूस ठरवतो आणि दुसरं घाबरतं, तिथे मधोमध उभं राहिलेला समुपदेशक ठरवणाऱ्याच्याच उपयोगी पडतो. म्हणून तीस तासांत मुलांच्या मनातून एक गोष्ट काढायची आणि एक पेरायची. "हे असं का होतंय" हा प्रश्न थोडा मागे ठेवायचा आणि "या घरात कोण कुणाला घाबरतं, आणि आज रात्री काय होऊ शकतं" हा पुढे आणायचा. बाकी सगळं त्याच्यामागून येतं.

सुरुवात सिद्धांतापासून करू नका आणि कायद्यापासूनही नको. आधी वर्गाकडे बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या बायकांपैकी देशात सुमारे २९ टक्के आणि महाराष्ट्रात सुमारे २५ टक्के बायकांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. म्हणजे तीस जणांच्या वर्गात सात-आठ मुलं-मुली अशा घरातून सकाळी डबा घेऊन निघालेली असणार. एखादी स्वतः लग्न झालेली असेल. पहिल्याच तासाला स्पष्ट सांगा: या पेपरात कुणालाही स्वतःच्या घराबद्दल बोलायला लावलं जाणार नाही, जीव घुसमटला तर कारण न सांगता वर्गाबाहेर जाता येईल, आणि बोलावंसं वाटलं तर कॉलेजबाहेरच्या अमुक समुपदेशकाशी मी आधीच बोलून ठेवलं आहे. हे शेवटचं खरोखर करून ठेवा. "आपापले अनुभव शेअर करू या" असले गोल करून बसण्याचे उपक्रम या विषयात मला अजिबात मान्य नाहीत. गुण देणाऱ्या बाईंसमोर मुलगी आईच्या मारहाणीबद्दल बोलते, आणि पुढची दोन वर्षं वर्ग तिच्याकडे तसाच बघतो.

मग भाषा. तीसपैकी निदान आठ तास मी भाषेला देईन.

नवशिका विद्यार्थी विचारतो, "तुमच्यावर कौटुंबिक हिंसाचार होतो का?" उत्तर येतं "नाही", आणि ते खोटंही नसतं. हिंसाचार म्हणजे टीव्हीवर दाखवतात तो. आपल्या घरी होतं ती "किरकिर", "टेन्शन", "त्रास". "पिऊन आला की जरा अंगावर येतो." "राग आला की त्याला कळत नाही." एवढं बोलून बाई पुन्हा डोकेदुखीकडे वळते. वर आपल्या भाषेने म्हणींची गादी घालून ठेवलीच आहे: घरोघरी मातीच्या चुली, भांड्याला भांडं लागायचंच, झाकली मूठ सव्वा लाखाची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार हीसुद्धा म्हणच, पण ती आपण पगारवाढ न मिळालेल्या माणसासाठी वापरतो. एक तास फक्त याला द्या. आपल्या घरात, गावात मारहाणीला काय काय म्हणतात ते प्रत्येकाने लिहून आणायचं. खानदेशातली मुलं वेगळे शब्द आणतील, वऱ्हाडातली वेगळे. त्या फळ्याचा फोटो काढून ठेवा, पाठ्यपुस्तकापेक्षा तो जास्त कामाचा.

त्या सर्वेक्षणाची प्रश्नावली मुलांना वाचायला द्या. ती "हिंसा होते का" असं विचारतच नाही. ती कृती विचारते. ढकललं का, थोबाडीत मारली का, हात पिरगळला का, केस ओढले का, लाथ मारली का, गळा दाबला किंवा भाजलं का. घरातल्या एकाच बाईला विचारायचं, एकांत असेल तरच विचारायचं, मध्ये कुणी आलं तर थांबायचं असे नियमही आहेत. इतकं करून हाती येतं ते काय, तर मार खाल्लेल्या बायकांपैकी सुमारे ७७ टक्के जणींनी मदत मागितलेली नाही आणि कुणाला सांगितलेलंही नाही. तुमचा विद्यार्थी समोर बसतो तेव्हा बहुतेक वेळा तो तिला पहिल्यांदाच विचारणारा माणूस असतो.

प्रश्न तोंडाने म्हणून पाठ करायचे, वहीत लिहून भागत नाही. मी मुलींना जोड्या करून एकच वाक्य वीस वेळा म्हणायला लावते: "ताई, घरी तुम्हाला कुणाची भीती वाटते का?" पहिल्या पाच वेळा हसू येतं, दहाव्या वेळी आवाज खाली जातो, पंधराव्या वेळेपासून ते खऱ्या माणसाने विचारल्यासारखं यायला लागतं. पुढचं वाक्य: "भांडण झालं की ते काय करतात? हात उगारतात?" त्यापुढचं: "तुमची इच्छा नसताना जवळ येतात का?" इथे बरीच मुलं अडखळतात, मुलगे तर जास्तच. पण हा प्रश्न गाळला तर उत्तरही गळतं. आणि पैशाचं विचारा: पगार कुणाच्या खात्यात जातो, एटीएम कार्ड कुणाकडे असतं, बसभाड्याला पैसे मागावे लागतात का. हे बायका सहज सांगतात, आणि घरात सत्ता कुणाची ते त्यातून लख्ख दिसतं.

विचारायचं कुणाला? समोर आलेल्या प्रत्येकीला सरसकट विचारा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस नाही. २०१३ च्या तिच्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की लक्षणं किंवा दुखापत हिंसेशी जुळणारी असेल तेव्हा विचारा. पण झोप नाही, सारखं अंग दुखतं, रडू येतं, मरावंसं वाटतं, ही आपल्या खुर्चीसमोरची रोजची लक्षणं आहेत, त्यामुळे आपल्याकडे विचारण्याचे प्रसंग भरपूर येतात. अट एकच, एकटीला विचारायचं. सासू सोबत आलेली असते, नणंद असते, "ती बोलत नाही, मीच सांगतो" म्हणणारा नवरा असतो. त्यांना बाहेर बसवायचं कसं याचासुद्धा सराव हवा. "आमच्याकडे प्रत्येकाशी आधी एकट्याने बोलायची पद्धत आहे" हे वाक्य सगळ्यांना सारखं आणि कंटाळलेल्या चेहऱ्याने म्हणायचं. कारकुनी सुरात म्हटलं की कुणाला संशय येत नाही. मूल पाच वर्षांचं असलं तरी बाहेर, कारण मुलं घरी जाऊन सांगतात.

तिने सांगितलं की पुढे काय? त्याच सूचनांवर बेतलेली पहिल्या आधाराची पद्धत पाच पायऱ्यांची आहे: ऐकणं, तिला काय हवंय ते विचारणं, तिच्यावर विश्वास असल्याचं सांगणं, सुरक्षितता वाढवणं आणि पुढच्या मदतीशी जोडून देणं. कागदावर सोपी दिसते. रोलप्लेमध्ये बघा, मुलं पहिल्या पायरीवरून उडी मारून थेट पाचवीवर जातात. बाई वाक्य संपवायच्या आत महिला हेल्पलाइनचा १८१ क्रमांक सांगून मुलगी मोकळी. ऐकवत नाही म्हणून मदत पुढे केलेली असते, मुलीने स्वतःची सुटका करून घेतलेली असते. मी रोलप्लेत घड्याळ लावते आणि पहिली सात मिनिटं सल्ला पूर्ण बंद ठेवते. "हो", "मग?", "हे सांगणं सोपं नव्हतं", "यात तुमची चूक नाही", एवढ्यावर काढून दाखवायची. "मग तुम्ही अजून राहता कशाला त्या घरात?" हे वाक्य ज्याच्या तोंडून जाईल त्याने खुर्ची बदलून बाईच्या जागी बसायचं. बहुतेकांच्या तोंडून एकदा तरी जातंच, माझ्याही गेलेलं आहे.

एक बारीक गोष्ट, पण सांगते. मुलं वयस्कर बाईला "मावशी", "काकू" म्हणतात, ते ठीक आहे. पण मावशी म्हटलं की भाची झालो, आणि भाचीला मावशी झोपायच्या खोलीतलं सांगत नाही. नाव विचारून "सुनंदाताई" असं म्हटलेलं मला बरं वाटतं.

आता धोका ओळखणं. या भागात मी मुलांना नापास करते आणि तिथे दयामाया नाही.

बाई बोलता बोलता म्हणते, "त्या दिवशी गळा धरला, मग सोडला." पुढे ती मुलाच्या फीबद्दल बोलायला लागते आणि विद्यार्थिनी फीबद्दल लिहायला लागते. तिथे थांबायलाच हवं. गळा दाबण्याची खूण पुष्कळदा बाहेर दिसत नाही, पण आतली इजा काही तासांनी, काही दिवसांनीही जिवावर येऊ शकते. आवाज बसला होता का, गिळताना दुखतं का, डोळ्यापुढे अंधारी आली होती का, कपड्यात लघवी झाली होती का, हे चार प्रश्न विचारायचे आणि अलीकडचं असेल तर आधी दवाखाना. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पूर्वी गळा दाबला गेलेल्या बाईचा त्याच जोडीदाराकडून खून होण्याची शक्यता सातपटीहून जास्त दिसली. जॅकलिन कॅम्पबेल या परिचारिका-संशोधिकेने १९८० च्या दशकात धोका मोजण्याची जी प्रश्नावली तयार केली, तिच्यातले मुद्दे मुलांना माहीत हवेत: मारहाण वाढत चालली आहे का, हत्याराचा धाक, जिवे मारायची धमकी, गरोदरपणात मारणं, टोकाचा संशय, घर सोडायचा विषय निघाला की भडकणं, त्याची स्वतःच्या आत्महत्येची धमकी. बाई घर सोडायला निघते किंवा नुकती सोडते, तो काळ सगळ्यांत धोक्याचा. "बाहेर पडा" हा सल्ला इतका सहज देऊ नये तो त्यामुळेच. आपल्याकडे यात दोन गोष्टी जोडून विचारायच्या: "पेटवून देईन" असं कधी म्हणाला का, आणि तिच्या मनात स्वतःच्या जिवाचं काही येतं का. दुसरा प्रश्न विचारल्याने विचार मनात घातला जात नाही, हे मुलांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. आत्महत्येचा प्रयत्न केला तर पोलीस केस होते या भीतीने बायका गप्प बसतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरलं जातं, हे तिला सांगता आलं पाहिजे.

सुरक्षितता आराखडा हा शब्द मोठा आहे, काम मात्र बारीकसारीक. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या २००६ च्या नियमांत त्यासाठी चक्क एक नमुना आहे, नमुना पाच. तो मुलांनी भरून बघावा. पण खरी माहिती तिच्या घराच्या नकाशात असते. मारायला सुरुवात कुठल्या खोलीत होते? स्वयंपाकघरात असेल तर तिथून सरकायचं कसं? कडी आतून कोण लावतं? शेजारच्या कुठल्या दारावर थाप मारली तर उघडेल? आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, मुलांचे जन्मदाखले यांच्या झेरॉक्स माहेरी किंवा मैत्रिणीकडे ठेवता येतील का? फोनवर लोकेशन चालू आहे का, व्हॉट्सॲप दुसऱ्या कॉम्प्युटरवर जोडलंय का, यूपीआयचा मेसेज कुणाच्या नंबरला जातो? आपल्या केंद्राचं कार्ड तिच्या पर्समध्ये सापडलं तर? एका केंद्राने भेटीची आठवण म्हणून व्हॉट्सॲपवर छानसा संदेश पाठवला होता, गुलाबाच्या फुलासकट. तो नवऱ्याने वाचला.

इथे "दिलासा"चं उदाहरण जरूर शिकवा. २००० साली मुंबई महापालिका आणि सेहत या संस्थेने वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात हे केंद्र सुरू केलं. कल्पना अशी, की बाई घरी "दवाखान्यात जाऊन येते" म्हणून निघू शकते, "समुपदेशनाला जाते" म्हणून नाही. आणि जखम जिथे शिवली जाते तिथेच कुणीतरी विचारतं, ही कशाने झाली. त्याच्याही आधी, १९८४ मध्ये, टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, पोलीस आयुक्तालयातच. पोलिसांच्या छताखाली समाजकार्यकर्ती बसवायची, हा प्रयोग मुंबईत चार दशकांपूर्वी झाला. आपल्या मानसशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गातल्या किती मुलांना हे माहीत असतं, विचारून बघा. परदेशी सिद्धांतांची नावं मात्र तोंडपाठ असतात.

आणि आता समेट. तुमच्या विद्यार्थिनीचा मुद्दा हाच आहे.

"संसार वाचवणं" हे पुण्यकर्म आहे असं आपण दूध पिताना शिकतो. माहेरचे "नांदायला पाठवतात", पंच बैठक घेतात, "चार लोक" मध्ये पडतात. २००७ मध्ये महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम आली आणि गावातले तंटे मिटवल्याबद्दल पुरस्कार मिळू लागले. भावकीतल्या बांधाच्या भांडणाला हे ठीक असेल, पण बायकोच्या मारहाणीला "तंटा" म्हटलं की मार खाणारी आणि मारणारा दोघेही तंट्यातले पक्ष होतात, आणि मिटवणं म्हणजे तिने परत जाणं. तुमची विद्यार्थिनी त्या हवेत वाढली आहे. त्यावर आपण तिला दांपत्य-समुपदेशनाचं तंत्र दिलं. दोन्ही मिळून जे व्हायचं ते झालं.

अवघड भाग असा, की पुष्कळदा बाईच म्हणते, "मॅडम, त्यांना बोलावून जरा समजावा, तुमचं ऐकतील." मग काय करायचं? नाही म्हणून दार लावायचं नाही. विचारायचं: "ते इथे येऊन गेल्यावर घरी काय होईल असं तुम्हाला वाटतं? मागे कुणी समजावलं होतं? त्या रात्री काय झालं होतं?" दहातल्या आठ वेळा तीच म्हणते, नको मग. अनुभवी लोक पुरुषाला बोलावतात, नाही असं नाही. विशेष कक्षाच्या पद्धतीत "अहिंसेसाठी वाटाघाट" हे एक कामच आहे. पण तिथे कार्यकर्ती बाईच्या बाजूने उभी असते, मारणं बंद ही वाटाघाटीची बाब नसून तिची आधीची अट असते, आणि मागे पोलीस ठाणं असतं. सहा महिने शिकलेल्या, कॉलेजच्या ओळखपत्रावर फिरणाऱ्या मुलीकडे यातलं काहीच नसतं. म्हणून विद्यार्थ्यांसाठी माझा नियम आहे: हिंसा असेल तर जोडप्याचं सत्र नाही, नवऱ्याला फोन नाही, सासरी भेट नाही. अपवाद पर्यवेक्षकाने करायचा, विद्यार्थ्याने नाही. कौटुंबिक हिंसाचार कायद्यातही न्यायदंडाधिकारी समुपदेशनाला पाठवू शकतात, पण त्याच्या नियमांतला नियम १४ वाचा. मारणाऱ्याला तिथे मारहाणीचं समर्थन करता येत नाही, पुन्हा हिंसा करणार नाही अशी हमी त्याच्याकडून घ्यायची असते, आणि समझोत्याचे प्रयत्न बाईला हवे असतील तरच. कायदा लिहिणाऱ्यांना हे कळलं होतं.

कायदा शिकवताना वकील बोलावून सगळी कलमं ऐकवू नका, मुलं झोपतात. पुढचं पुरेसं आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक छळ येतो. फक्त बायकोच नव्हे तर आई, बहीण, विधवा वहिनी, लग्नाशिवाय एकत्र राहणारी जोडीदार, सगळ्या अर्ज करू शकतात. संरक्षणाचा आदेश, घरात राहण्याचा हक्क, खर्चाचे पैसे, मुलांचा तात्पुरता ताबा हे त्यातून मिळतं. त्यासाठी पोलिसांत गुन्हा नोंदवावाच लागतो असं नाही, या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडून घटना अहवाल भरता येतो. हे ऐकल्यावर बायकांचा चेहरा बदलतो, कारण त्यांना नवऱ्याला "आत टाकायचं" नसतं, मार थांबवायचा असतो. फौजदारी वाट वेगळी. नवऱ्याकडून, सासरच्यांकडून होणाऱ्या छळाचं जुनं कलम ४९८-अ आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ८५-८६ आहे. सरकारी वकील-मदत बाईला उत्पन्नाची अट न लावता मिळते. बस्स.

पण एक कलम मात्र पक्कं हवं, पोक्सोचं (मुलांचं लैंगिक अत्याचारापासून संरक्षण करणाऱ्या कायद्याचं) १९. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर कळवणं बंधनकारक आहे, विद्यार्थी असलात तरी. पुस्तकात हे सरळ दिसतं. प्रत्यक्षात समोर सतरा वर्षांची, मंगळसूत्र घातलेली, पाच महिन्यांची गरोदर मुलगी बसते. त्याच कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळजवळ २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, म्हणजे ही अपवादातली गोष्ट नाही. २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अल्पवयीन पत्नीशी संबंध हाही बलात्कारच. ती म्हणते, "त्यांना पकडलं तर मी कुठे जाऊ?" या प्रसंगाचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. पण "इथलं बोलणं इथेच राहील" असं सरसकट वचन पहिल्या मिनिटाला देऊन बसू नये, एवढं नक्की शिकवता येतं. गुप्ततेची मर्यादा आधी, साध्या शब्दांत: "तुमचं बोलणं मी कुणाला सांगणार नाही. फक्त तुमच्या जिवाला धोका असेल, किंवा अठराखालच्या मुलाला कुणी तसा त्रास दिला असेल, तर मला गप्प बसता येणार नाही. तसं असेल तर आधी तुम्हाला सांगेन."

नोंदींबद्दल कुणीच शिकवत नाही. बाईचे शब्द तिच्याच शब्दांत, अवतरणात, तारखेसह लिहायचे. "तिचा असा आरोप आहे" असं नको, "तिने सांगितलं" असं. आणि निदानाची घाई नको. रडणाऱ्या, चिडणाऱ्या, एका भेटीत एक आणि दुसऱ्या भेटीत दुसरं सांगणाऱ्या बाईला व्यक्तिमत्त्वविकाराचं लेबल लावायला नवशिक्यांचे हात शिवशिवतात. तो कागद पुढे कुठे जातो ते त्यांना माहीत नसतं. हिंदू विवाह कायद्यात मानसिक विकार हे घटस्फोटाचं एक कारण आहे, मुलांच्या ताब्याच्या दाव्यातही असे कागद लावतात. "हिला जरा तपासा आणि लिहून द्या" म्हणत सासरचे लोक थेट केंद्रात येतात, माझ्याकडे पुष्कळदा आले आहेत, पेढे घेऊनसुद्धा. वेडी ठरवणं हाही छळाचाच एक प्रकार, आणि त्यात हत्यार पुरवणारे आपण असू शकतो.

पुरुष, म्हातारे आईवडील, मुलं यांना वेळ द्याच, पण थोडक्यात. मार खाणारे पुरुष असतात. २००५ चा कायदा त्यांना लागू होत नाही, पण ऐकून घेण्याच्या पायऱ्या त्याच. म्हाताऱ्यांसाठी २००७ चा स्वतंत्र कायदा आणि १४५६७ ही हेल्पलाइन आहे. आणि मुलीचं मुलीवर प्रेम आहे म्हणून तिला कोंडून, मारून "उपचाराला" आणणारे आईबाप, ही केस मुलांनी नक्की करावी. ती कौटुंबिक हिंसाच आहे, फक्त आणणारी माणसं फी भरणारी असतात.

अभ्यासदौऱ्याऐवजी एक काम द्या. दोघादोघांच्या जोड्यांनी आपल्या तालुक्यातला मदतीचा नकाशा स्वतः जाऊन करायचा. संरक्षण अधिकारी कुठे बसतात, कुठल्या वारी भेटतात. सखी वन स्टॉप सेंटर (हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठीचं सरकारी मदत केंद्र) बसस्टँडपासून किती लांब, रात्री दार कोण उघडतं. निवारागृहात कुठले कागद मागतात, मुलगा किती वयापर्यंत आईबरोबर राहू शकतो. शेवटचा प्रश्न ऐकून मुलं बुचकळ्यात पडतात, मग विचारून येतात, आणि "बाई निवाऱ्याला जायला तयार का नव्हती" हे त्यांना न शिकवता कळतं. हेल्पलाइनला उगीच सरावाचे फोन मात्र करू देऊ नका, तिथे खरा फोन थांबलेला असतो. परीक्षाही लेखी नको. अनोळखी कलाकाराबरोबर पंचवीस मिनिटांचा रोलप्ले घ्या आणि त्यात गळ्याचा उल्लेख एकदाच, ओझरता टाका. ऐकला की नाही, यावर निम्मे गुण.

पर्यवेक्षण दर आठवड्याला हवं. मुलांना सगळ्यांत जास्त मोडतं ते हे, की बाई परत घरी जाते. सहा भेटी झालेल्या, आराखडा झालेला, आणि दिवाळीला ती नांदायला गेली. विद्यार्थिनी चिडते, "मग माझा वेळ का घेतला?" हा राग वर्गात मोकळा होऊ द्या. तिथे झाला नाही तर पुढच्या भेटीत बाईवर निघतो. काहींचं उलट होतं, स्वतःचा नंबर देतात, रात्री दोनला फोन घेतात, पैसे पाठवतात. दोघींनाही तेच समजावायचं असतं, की घर तिचं आहे आणि कधी निघायचं ते तिला जास्त कळतं.

राहता राहिली तुमची विद्यार्थिनी, आणि ती न आलेली बाई. विद्यार्थिनीला त्या बाईला केंद्राच्या नंबरवरून फोन करायला लावू नका, फोन कोण उचलेल ते माहीत नाही. ती ज्या वाटेने आली असेल, आशाताई, दवाखाना, मुलाची शाळा, तिथल्या विश्वासाच्या माणसाला एवढंच सांगा की तुम्ही तिच्याबरोबर नवऱ्याचा विषय काढू नका, ती दिसली तर "केंद्रात कधीही या, एकट्या या" इतकाच निरोप द्या. ती आली तर विद्यार्थिनीने तिची माफी मागावी: "मी त्यांना बोलावलं ते चुकलं. त्यानंतर घरी काही झालं का?" सबब नको, स्पष्टीकरण नको. माझी ती दोन बोटं मोडलेली बाई परत आली होती. मी माफी मागितली, तर ती म्हणाली, "तुम्हाला काय माहीत तो कसा आहे." आणि मग पहिल्यांदा तिने नीट सांगितलं, तो कसा आहे ते.